आवाज एक, कुळं वेगळी

पावाला पाव का म्हणतात? मराठी घरांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच आणि त्याचं उत्तरही तयार असतं: बेकरीत मैद्याचा भलामोठा गोळा पायांनी तुडवून मळतात, म्हणून पाव. हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात, त्यामुळे उत्तराला पुरावाही मिळाल्यासारखा वाटतो. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत पूर्वी पाव उंबरठ्याच्या आत येत नसे, तेव्हा सांगितल्या जाणाऱ्या कारणांत हेही एक असे. दुसरे कोणी म्हणतात, मोठ्या रोटीचे चार तुकडे करून विकायचे, त्यातला चौथा हिस्सा म्हणजे पाव.

दोन्ही उत्तरं चूक आहेत. पण ती सुचतात कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन शब्दांचा उच्चार जुळला की त्यांचं काहीतरी नातं असणार, असं मन धरूनच चालतं, आणि नातं दिसलं नाही तर एखादी कथा रचून ते जोडून टाकतं. या प्रकरणात आपण ‘पाव’ आणि ‘पान’ हे दोन छोटे शब्द घेऊन त्यांच्या मागे मागे जाऊ. वाटेत गोवा लागेल, जपान लागेल आणि थोडं पोलंडही लागेल.

१. एका वाक्यात तीन पाव

बेकरीतून आलेला माणूस सांगतो, ‘पाव किलो खारी आणि सहा पाव घेतले, पावतीही घेतली.’ साधं वाक्य आहे, पण त्यात ‘पाव’ तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा त्याचं मूळ वेगळं आहे.

पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’ पासून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. श्लोकाच्या एका चरणालाही पाद म्हणतात ते त्यामुळेच. बोलता बोलता मधला ‘द’ झिजून गेला आणि पाद या एकाच शब्दापासून मराठीत ‘पाय’ही झाला आणि ‘पाव’ही. हा पाय आणखी दोन ठिकाणी लपलेला आहे. ‘सव्वा’ म्हणजे सपाद, पावासकट. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पाव कमी. तेव्हा हिंदीतला पाँव आणि मराठीतला पावशेर हे एकाच घरचे आहेत.

पावतीचं घर निराळं. तिचं मूळ ‘प्राप्’ म्हणजे मिळणं. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होत असे. ‘दीप’चा दिवा झाला, ‘ताप’चा ताव झाला, तसंच या धातूपासून ‘पावणे’ आलं. वस्तू पावली याचा कागद तो पावती, आणि नवस केल्यावर देव पावतो तोही याच शब्दाने.

राहिला बेकरीतला पाव. त्याच्यासाठी मात्र संस्कृतात कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही, कारण तो समुद्रावरून आला.

अशा वेळी आडनावांची आठवण ठेवावी. कुलकर्णी हे मुळात कामाचं नाव. गावोगावी जो जमाखर्च लिहायचा तो कुलकर्णी. म्हणून सांगलीचे कुलकर्णी आणि नगरचे कुलकर्णी एका कुळातले असतीलच असं नाही. आडनाव एक म्हणून वंशावळ एक ठरत नाही, त्यासाठी कागद पाहावे लागतात. शब्दांचंही असंच असतं, आणि त्यांचे कागद म्हणजे त्यांची जुनी रूपं आणि ते आले ती वाट.

२. पोर्तुगीज पाव आणि लिलाव

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं. त्यांच्या रोजच्या जेवणातल्या गव्हाच्या फुगीर रोटीला ते ‘पाँउ’ म्हणत. उच्चार नाकातून करायचा, शेवटी ओठ किंचित गोल. हिंदी ‘पाँव’ म्हणून पाहा, पोर्तुगीज शब्दाच्या तुम्ही अगदी जवळ पोचाल. पायाने मळण्याची कथा जन्मली ती इथे. दोन परक्या शब्दांचे उच्चार योगायोगाने इतके जवळ आले की ऐकणाऱ्याला ते एकच वाटले.

हे नुसतं अनुमान नाही, याचा पडताळा घेता येतो. लॅटिनमध्ये रोटीला ‘पानिस’ म्हणत. वाक्यात त्याचं ‘पानेम’ असं रूप होई. पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी दोन स्वरांमधला ‘न’ गिळला आणि त्याचा नाकातला सूर तेवढा ठेवला. हे एकाच शब्दात झालं असतं तर शंका घ्यायला जागा होती. पण कुत्र्यासाठी लॅटिन ‘कानेम’ होतं, त्याचं पोर्तुगीज ‘काँउ’ झालं. हातासाठी ‘मानुम’ होतं, त्याचं ‘माँउ’ झालं. त्याच वळणाने पानेमचं पाँउ.

आता मराठीकडे येऊ. पोर्तुगीजांचा शेवटचा ‘आँउ’ मराठी तोंडात शिरला की त्याचं काय होतं? जाहीर बोली लावून विकण्याला पोर्तुगीज भाषेत ‘लेइलाँउ’ म्हणतात. आपण त्याचा ‘लिलाव’ केला. लेइलाँउचा लिलाव, तसाच पाँउचा पाव. दोन्ही शब्दांत नाकातला सूर गेला आणि ‘आव’ उरला. हिंदीने मात्र तो सूर ‘म’च्या रूपात राखला, म्हणून हिंदीत तोच शब्द ‘नीलाम’ झाला. चावी, पगार, घमेलं हे शब्दही याच जहाजांतून उतरले.

गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तेही पोर्तुगीज शब्दावरूनच. पहाटे आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर दारात येतो. मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक किंवा गोणपाट टाकलेलं असतं. ते उचललं की गरम वाफ वर येते आणि आत उंडे, कोंड्याची पोय, बांगडीसारखं गोल कडक कांकण. जुन्या पद्धतीत पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर घालत, कारण युरोपातलं खमीर इथे सहज मिळत नव्हतं. पदार्थ परदेशी, नाव परदेशी, पण त्यातला जीव इथल्या माडाचा. पावाबद्दल मनापासून अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पायाने मळण्याची खोटी कथा तिच्यावर अन्याय करते.

३. तीच जहाजं, दुसरं बंदर

पोर्तुगीज व्यापारी १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. सहा वर्षांनी, १५४९ च्या एप्रिलमध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि मलाक्कामार्गे ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. गोव्याला जो शब्द आला तोच या लोकांबरोबर जपानलाही गेला.

जपानी भाषेत शब्दाच्या शेवटी नाकातला ‘न’ सहज येतो, ‘आँउ’ येत नाही. म्हणून मराठीने जे टाकलं ते जपानीने ठेवलं आणि मराठीने जे ठेवलं ते जपानीने टाकलं. पाँउचं जपानीत ‘पान’ झालं. इथेही नियमाला दुसरा साक्षीदार आहे: कपड्याच्या बटणाला पोर्तुगीज भाषेत ‘बोताँउ’ म्हणतात, जपानीत त्याचं ‘बोतान’ झालं.

टोकियोतल्या बेकरीत आज ‘शोकु-पान’ मिळतो, म्हणजे चौकोनी लोफ. ‘मेरोन-पान’ मिळतो, त्याच्यावरचा साखरेचा थर खरबुजाच्या सालीसारखा दिसतो. ‘कारे-पान’ मिळतो, त्यात रस्सा आटवून भरलेला असतो आणि तो तळून काढतात. सगळ्यांत लाडका ‘आन-पान’. आझुकी नावाच्या लालसर कडधान्याचं गोड पुरण म्हणजे आन, आणि ते भरलेला पाव म्हणजे आन-पान. किमुराया या दुकानाने तो १८७४ मध्ये काढला. नव्याने तिथे राहायला गेलेल्या मराठी माणसाला ‘पान’ ऐकल्यावर आधी विडाच आठवणार. पण जपानी वाचकाला या शब्दाचं परकेपण अक्षरांवरूनच कळतं, कारण परदेशी शब्दांसाठी ते काताकाना ही वेगळी लिपी वापरतात आणि पान त्याच लिपीत लिहितात.

तेव्हा मराठी ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ हे सख्खे भाऊ. आवाज वेगळा, कूळ एक. आणि मराठी ‘पान’ आणि जपानी ‘पान’? त्यांचा आवाज एक आहे, पण नातं काहीच नाही.

४. आपलं पान कुठून आलं?

संस्कृत ‘पर्ण’, प्राकृत ‘पण्ण’, मराठी ‘पान’. जोडाक्षर आधी दुहेरी झालं, मग एकेरी, आणि जाता जाता आधीचा स्वर लांब करून गेलं. ‘कर्ण’चा कान, ‘कर्म’चं काम, ‘सप्त’चे सात, ‘हस्त’चा हात, सगळे याच रस्त्याने आले. मराठी माणसाने हा नियम एकदा मनात बसवून घेतला की रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द उलगडत जातात.

मराठीत पानाचे अर्थही पुष्कळ आहेत. झाडाचं पान, खायचं पान, पुस्तकाचं पान, पत्त्यांतलं पान आणि पंगतीत वाढलेलं पान. हे मात्र पाच वेगळे शब्द नव्हेत. केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर जेवत, म्हणून ताट आलं तरी ‘पानं घेतली आहेत’ हेच तोंडात राहिलं. ताडपत्रावर लिहीत, म्हणून कागदाच्या पृष्ठालाही पान. एका शब्दाचा अर्थ हळूहळू पसरत गेला, इतकंच. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, तेही याच जातीचं. शब्द एकच, दोन भाषांत दोन वाटांनी सरकलेला. ‘स्तनपान’, ‘धूम्रपान’ यांतलं पान मात्र खरंच वेगळं, ते ‘पा’ म्हणजे पिणे या धातूपासून आलं. ‘पाणी’ही त्याच धातूचं, संस्कृत ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं.

इथे जरा थांबू या. पाण्यात ण का आणि पानात न का? संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या एकेरी ‘न’चा मराठीत ‘ण’ झाला: पानीयचं पाणी, जनचा जण. आणि प्राकृतातल्या दुहेरी ‘ण्ण’चा ‘न’ झाला: पण्णचं पान, कण्णचा कान. वरवर उलटासुलटा दिसणारा हा कारभार किती शिस्तीचा आहे! आणि ही शिस्त आहे म्हणूनच पान आणि पाणी यांचं एकमेकांशी नातं नाही असं ठामपणे सांगता येतं.

आता मराठीबाहेर पाहू. स्पॅनिश भाषेत ‘पान’ म्हणजे रोटी. लॅटिन पानेमपासून आलेला म्हणून तो जपानी पानाचा आणि आपल्या पावाचा नातलग. प्राचीन ग्रीकमध्ये ‘पान’ म्हणजे सगळं. ‘पॅन-इंडिया’ चित्रपट म्हणतात त्यातला पॅन तो. इंग्रजीतलं तळणीचं ‘पॅन’ वेगळं. आयकर खात्याचं पॅन कार्ड तर इंग्रजी नावाच्या तीन आद्याक्षरांचं आहे. आणि पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे श्रीयुत.

पोलिश लोक अनोळखी पुरुषाशी बोलताना ‘तू’ म्हणत नाहीत, ‘पान’ म्हणतात. आपल्या ‘आपण’सारखा तो आदरार्थी वापर आहे. अॅडम मित्स्किएविचचं १८३४ सालचं महाकाव्य ‘पान तादेउश’, म्हणजे श्रीयुत तादेउश, पोलंडचं राष्ट्रीय काव्य मानलं जातं. बाईंना आदराने ‘पानी’ म्हणतात. आणि हा शब्द महाराष्ट्राच्या मातीवर खरोखर बोलला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. छावणीतल्या बायका एकमेकींना पानी म्हणूनच हाक मारत असणार. हिंदी समजणाऱ्या कोल्हापुरी कानांना त्या हाकेत पाणी ऐकू आलं असेल, तर त्यात नवल नाही.

५. हे इतकं वारंवार का घडतं?

तोंडातून निघणारे आवाज मोजके, सांगायच्या गोष्टी अफाट आणि भाषा जगात सुमारे सात हजार. या तीन गोष्टी एकत्र आल्या की टक्कर होणारच. एक छोटं गणित करू.

समजा, व्यंजन, स्वर आणि परत व्यंजन अशा घडणीचेच शब्द घ्यायचे, पान किंवा कान यांसारखे. १५ व्यंजनं आणि ५ स्वर धरले तर १५ × ५ × १५ म्हणजे १,१२५ शब्द बनू शकतात. एका भाषेने त्यांतले कुठलेही ३०० वापरले, दुसरीने आपल्या मर्जीने ३०० वापरले. दोघींत सारखे किती निघतील? ३०० × ३०० भागिले १,१२५, म्हणजे ८०. एकमेकींचं नावही न ऐकलेल्या दोन भाषांत ऐंशी शब्द आवाजाने तंतोतंत सारखे.

अर्थही जुळायला हवा असेल तर? दोन्ही भाषांत अर्थ तेच ३०० आहेत असं धरा. प्रत्येक जुळलेल्या शब्दाचा अर्थही जुळण्याची शक्यता तीनशेत एक. म्हणजे साधारण चार भाषा-जोड्यांमागे एक शब्द आवाजाने आणि अर्थाने असा दोन्ही बाजूंनी जुळेल. सात हजार भाषांच्या जोड्या होतात सुमारे दोन कोटी ४५ लाख. तेव्हा असे योगायोग लाखांनी असणार. खऱ्या भाषा इतक्या सरळ नसतात, पण अंदाज यायला एवढं पुरे.

१९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये म्बाबाराम ही भाषा नोंदवत होते. ती बोलणारे तेव्हा जवळजवळ उरलेच नव्हते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘डॉग’. शब्द इंग्रजीतून उचलला असेल असं कोणालाही वाटेल. पण आसपासच्या नात्यातल्या भाषांत कुत्र्याला ‘गुडगा’, ‘गुडा’ असे शब्द होते, आणि म्बाबाराममध्ये शब्दाचा पहिला तुकडा गळून पडण्याची रीत होती. गुडगातला गु गेला, उरलेलं घासत घासत डॉग झालं. इंग्रजीचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

६. खरे नातलग चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत

१७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, त्या कुठल्यातरी एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्यांच्या म्हणण्याला नियमांचा भक्कम पाया पुढे मिळाला. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंतले याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिलं की संस्कृत-लॅटिनमध्ये शब्दाच्या आरंभी जिथे ‘प’ आहे, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात ‘फ’ येतो. पितृ आणि फादर. पूर्ण आणि फुल. पाद आणि फुट.

म्हणजे लांबी मोजायचा ‘फूट’ आपल्या पायाचा खरा नातलग आहे. पोर्तुगीज लोक पायाला ‘पे’ म्हणतात, तोही लॅटिनमार्गे त्याच घराण्यातला. जरा विचार करा: पोर्तुगीज भाषेत आपल्या पायाचा भाऊ होताच, तो ‘पे’. पण लोकांनी भाऊ म्हणून उभा केला ‘पाँउ’ला, कारण तो पाँवसारखा दिसत होता.

आणि आपल्या पानाचा भाऊ कुठे आहे? पर्णमधल्या ‘प’चा ‘फ’ करून पाहा. पावसाळ्यात आंबोली-माथेरानच्या दगडी भिंतींवर, विहिरींच्या काठावर जो नेचा उगवतो, फुलंफळं नसलेली, नुसत्या पानांची ती वनस्पती, तिला इंग्रजीत ‘फर्न’ म्हणतात. पर्ण आणि फर्न एकाच मूळ शब्दापासून निघाले. जपानी, स्पॅनिश, पोलिश पानं आवाजाने इतकी जवळ असून परकी, आणि आवाजाने दूर गेलेला फर्न रक्ताचा.

७. ‘बदनाम’ची फोड

शेवटी एक शब्द घेऊ, ज्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसले आहेत. बदनाम हा शब्द फारसीतून मराठीत आला: बद म्हणजे वाईट, नाम म्हणजे नाव. इंग्रजीत वाईटला ‘बॅड’ आणि नावाला ‘नेम’. दोन्ही जोड्यांत आवाज जुळतो आणि अर्थही जुळतो. मग दोन्ही नाती खरी का?

नामचं नातं खरं आहे. संस्कृत ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन’, जुन्या इंग्रजीत ‘नामा’, फारसीत ‘नाम’. मागे जाऊ तितकी ही रूपं एकमेकांच्या जवळ येतात.

बदचं उलट होतं. मागे जाऊ तितका तो बॅडपासून लांब जातो. इस्लामपूर्व इराणच्या मध्य फारसीत तो ‘वद’ होता, आरंभी ‘ब’ नव्हताच. जुन्या ‘व’चा फारसीत ‘ब’ झाल्याची आणखी उदाहरणं आहेत: वाऱ्याला फारसीत ‘बाद’ म्हणतात, तो आपला ‘वात’. इंग्रजी बॅडच्या इतिहासात असा ‘व’ कुठेच येत नाही. तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, तो ‘ब’ घेऊनच. तेव्हा बदनाममधला नाम हा इंग्रजी नेमचा नातलग आहे, आणि त्याला चिकटून बसलेला बद बॅडचा कोणीही लागत नाही.